स्टिअरिंगचं हस्तसामुद्रिक

आमची झेन २००३ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून तिचं पासिंग करून घेतलं, पाच वर्षांनी पुन्हा. दोन्ही वेळा ब्रेक, दिवे, धूर सगळं तपासलं गेलं. स्टिअरिंगकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते पाहिलं लेकीनं, गाडी शिकायला बसली त्या दिवशी. सोसायटीला एक चक्कर मारून ती उतरली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. नुकतीच तव्याची काजळी घासून आल्यासारखे काळे.

"बाबा, तुझं स्टिअरिंग विरघळतंय."

विरघळत नव्हतं, कात टाकत होतं. वरून रबरासारखा दिसणारा तो पॉलियुरेथेनचा फोम. वीस वर्षांचं ऊन, घाम, हाताला लावलेली क्रीमं आणि करोनातलं सॅनिटायझर पचवून त्याची साल सुटली होती. पण लेकीला रसायनशास्त्रात रस नव्हता. तिनं चक्क स्टिअरिंगचा हात पाहायला घेतला.

"क्लासचे सर सांगतात, हात दहा वाजून दहा मिनिटांवर. तुझ्या स्टिअरिंगवर दहाच्या जागी कंपनीचे बारीक दाणे अजून शाबूत आहेत. दोनच्या जागी टक्कल. म्हणजे उजवा हात कामावर आणि डावा रजेवर."

"डावा गिअरवर असतो."

"वीस वर्षं?"

मग तिची नजर मधोमध गेली. मी हॉर्न वाजवत नाही, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगत आलो आहे. हॉर्नवर भोंग्याचं चित्र होतं. माझ्या तळव्यानं त्यातला भोंगा केव्हाच पुसून टाकला होता.

आता पुरावा नष्ट करणं भाग होतं.

शनिवारी सकाळी मी बायकोच्या कपाटातलं नेलपेंट रिमूव्हर उचललं. इथेच पहिली चूक झाली. त्यातलं अ‍ॅसिटोन नखावरचा रंग काढतं, तसं स्टिअरिंगची उरलीसुरली सालही काढतं. कापूस काळा, बोटं काळी आणि स्टिअरिंग गुळाच्या ढेपेसारखं चिकट. शेवटी सौम्य साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश कामी आले. वाळल्यावर सहाशे नंबरचा काचपेपर ओला करून हलक्या हातानं फिरवला, तेव्हा कुठे सालपटं बसली.

मग कव्हर आणायला गेलो.

"साइज?" दुकानदारानं विचारलं.

"गोल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे एक दीर्घ कटाक्ष टाकला. साइज म्हणजे बाहेरचा व्यास. बऱ्याच छोट्या गाड्यांना ३७-३८ सेंटिमीटरचं कव्हर चालतं, पण घरून मोजून जावं. नुसतं ओढून चढवायचं कव्हर स्वस्त पडतं, पण सैल असलं तर ऐन वळणावर कव्हर फिरतं आणि चाकं सरळच जातात. म्हणून मी दोऱ्यानं शिवायचं घेतलं.

रविवारी ते अर्धा तास उन्हात टाकलं. तापलं की नरम पडतं आणि ताणून बसतं. जोड खालच्या बाजूला घेतला आणि मेणाचा दोरा ओवून टाके घालायला लागलो. चार टाके घातले की दोरा आवळायचा, नाहीतर पुढे सुरकुती येते. पाचव्या टाक्याला सुई बोटात गेली. वॉचमन येऊन विचारून गेला, "साहेब, गाडी बंद पडली का?" शेजारच्या काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "स्वेटर का? कुणासाठी?" बायकोनं अंगुस्तान आणून दिलं आणि म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, शर्टाचं एक बटण लावलं नाहीस कधी."

संध्याकाळपर्यंत काम फत्ते झालं. टाके गोधडीच्या वळणाचे होते, पण पकड घट्ट. वरून डॅशबोर्डचं पॉलिश मारायचा मोह झाला. तो आवरला हे बरं, कारण त्यानं हात घसरतो.

हे सगळे उद्योग मी केले ते आमच्या झेनला एअरबॅग नाही म्हणून. १ जुलै २०१९पासून बनलेल्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे आणि ती बसते स्टिअरिंगच्याच पोटात. अशा गाडीत कडेला हवं ते शिवा, मधल्या भागाला हात लावू नका. तिथे पाणी नको, स्क्रू-ड्रायव्हर नको, हौस तर मुळीच नको.

हॉर्नवर कव्हर बसत नाही, त्यामुळे तो पुरावा अजून जागेवर आहे. बाकी स्टिअरिंग मात्र कोरं करकरीत झालं. लेक तीन महिने त्यावर दहा-दहा धरून शिकली, लायसन्स घेऊन आली. परवा तिनं उन्हात स्टिअरिंग जरा तिरपं करून पाहिलं आणि मला हाक मारली. नव्या कव्हरवर एकाच जागी चकाकी यायला लागली आहे.

दोनच्या जागी.