ऐकलंत का, ‘स्वामी’वरून जुंपली!

अहो, ऐकलंत का? काल भिशीत ‘स्वामी’ कादंबरीवरून केवढी जुंपली! आणि तुम्ही नेमक्या नणंदेकडे गेलेल्या.

विषय काढला कोपऱ्यावरच्या काकूंनी. त्यांचं ठरलेलंच... पेशव्यांच्या रमा-माधवासारखं जोडपं पुन्हा होणे नाही, थेऊरचा शेवट वाचताना पदर भिजतो, वगैरे. तर त्यांचीच नवी सून, हो तीच, बँकेतली, कप उचलता उचलता म्हणते कशी, “रमाबाईंच्या सती जाण्यात कसलं आलंय प्रेम? मला तर भीतीच वाटते वाचताना.” काकूंचं तोंड असं उतरलं! पोह्यांवर पिळायला घेतलेली लिंबाची फोड हातातच राहिली. आणि बाकीच्या सगळ्या अशा काही पंख्याकडे बघायला लागल्या की...

तर काय सांगत होते, मला मनातून त्या पोरीचं पटलं. बोलले नाही हो, सासू-सुनेच्या मधे कशाला पडा! पण रणजित देसाईंनी 1962 साली कादंबरी लिहिली, तेव्हापासून आपण बायका त्या चितेपाशीच रडत बसलोय. संसार तर त्याच्या आधी झाला ना? 16व्या वर्षी माधवरावांच्या गळ्यात पेशवाई, पानिपतचं सुतक फिटलेलं नाही, आज निजाम, उद्या हैदर, आणि घरात काका राघोबादादा टपलेले. नवरा वाड्यात असायचा तरी कधी? असलाच तर मातोश्रींचा रुसवा! रास्तेमामांना दंड केला म्हणून गोपिकाबाई निघाल्या की गंगापूरला. हा न्यायाला पक्का, त्या हट्टाला पक्क्या, रमाबाईंनी बघायचं कुणाकडे? मग तो मेला राजयक्ष्मा. 27व्या वर्षी सगळं संपलं, पदरात मूल नाही. त्या धबडग्यात दोघांना दोन शब्द निवांत बोलायला मिळाले, तेवढंच मला आवडतं बाई.

आणि हळूच सांगते, राघोबादादा-आनंदीबाईंचं काय कमी गूळपीठ होतं? हे मात्र मी बोलून गेले. सगळ्या हसल्या, काकू सोडून.

मग गाडी ‘स्वामी’ सीरियलवर. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव, काय दिसायचे दोघं! तीच मृणाल 2014 साली ‘रमा माधव’ सिनेमा काढते आणि स्वतः होते गोपिकाबाई. मंकणी नानासाहेब! म्हणजे आपले जुने रमा-माधव नव्या रमेचे सासू-सासरे. सुनेला हे ठाऊकच नव्हतं. “खरंच, आई?” म्हणाली, आणि काकूंची कळी अशी खुलली म्हणून सांगू!

आता रविवारी थेऊरला जायचं ठरलंय. चिंतामणीचं दर्शन, मग नदीकाठी समाधीपाशी. गाडी सूनच चालवणार आहे. मागे एक सीट रिकामी आहे, येताय ना? पण सतीचा विषय तेवढा काढू नका हं, निदान परत येईपर्यंत!