आजीच्या चालीनं पॅरिस

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी धोपाव्याच्या धक्क्यावर या. दाभोळची फेरीबोट धरायला गाड्यांची रांग लागलेली असते. मूल रडत असतं, आजोबांना लघवीला जायचं असतं, आजीचे गुडघे आखडलेले असतात आणि घरातला कर्ता माणूस सगळ्यांवर खेकसत असतो. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, भाषा आपली, चहाची टपरी समोर, तरी ही दशा. असंच एखादं कुटुंब पुढच्या मेमध्ये दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश करायला निघतं. तिथे भाषा परकी, जिने उंच आणि रांगा फेरीबोटीच्या कितीतरी पट. मग परत आल्यावर आजी एवढंच सांगते, ‘बसमधून खूप काही दिसलं.’

मला हे बोचतं. त्या सहलीसाठी घरानं वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. आजीच्या आयुष्यातली ती बहुधा पहिली आणि शेवटची परदेशवारी असते. म्हणून स्पष्ट सांगतो. गर्दीच्या परदेशी शहरात कुटुंबाची सहल मोडते ती लांबलचक यादीमुळे. गर्दी आपल्या हातात नाही. यादी आहे.

सहलीची कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. सातला नाश्ता, आठला बस, दुपारपर्यंत एक शहर, संध्याकाळी दुसरं. ती बेतलेली असते तिशीतल्या धडधाकट माणसाच्या पायांवर आणि विकली जाते तीन पिढ्यांच्या कुटुंबाला. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते, तसा कायदा आहे. मागच्या सीटवर बसलेल्या पंचाहत्तरीच्या बाईसाठी असा कायदा नाही. तो घरानंच करायला हवा.

आता तारखा. आपल्या शाळांच्या सुट्ट्या संपायला जूनचा मध्य उजाडतो. युरोपातल्या शाळा मोठ्या सुट्टीवर जातात त्या मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे कोकणातल्या कुटुंबाला मे महिना आयता मिळालेला आहे. गर्दी थोडी कमी, ऊन थोडं सौम्य. पण आपण विमानाचं तिकीट स्वस्त कधी एवढंच बघतो, त्या शहराचं कॅलेंडर बघत नाही. फ्रान्समध्ये १ मे आणि ८ मे या सार्वजनिक सुट्ट्या. इंग्लंडातल्या शाळांना मेच्या अखेरीस आठवडाभर सुट्टी, त्या आठवड्यात लंडनची संग्रहालयं मुलांनी भरून जातात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ऑर्से सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडी, आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. ही माहिती घरबसल्या मिळते. ती न बघता निघणारं कुटुंब मंगळवारी लूव्रच्या बंद दारासमोर फोटो काढून परत फिरतं.

लूव्रमध्ये वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. मोनालिसासमोरून रोज सुमारे वीस हजार माणसं सरकतात. १६ जून २०२५ रोजी तिथल्या कर्मचाऱ्यांनीच या गर्दीला कंटाळून अचानक काम थांबवलं आणि बाहेर हजारो पर्यटक तिकिटं हातात धरून ताटकळले. कर्मचारी जिथे टेकीला येतात, तिथे सहा वर्षांचं पोर किती वेळ तग धरेल? मोनालिसा वगळा म्हणत नाही मी. पण तो दिवस फक्त लूव्रचा ठेवा. दोन तास आत, मग बाहेर तुइलरीच्या बागेत बसा. पोराला बागेतल्या तळ्याकाठी हुंदडू द्या, आजीला खुर्चीत पाय सैल सोडू द्या. त्याच दिवशी आयफेल टॉवरही उरकायचा हट्ट धरलात, तर दोन्ही हातचं जाईल.

कागदपत्रांत घरं अडकतात ती अगदी साध्या गोष्टींवर. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा. आईबाप स्वतःचा बघतात, मुलाचा विसरतात. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून, परतण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसही लागतात. ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे. आमच्या खाडीकाठच्या अंजनवेलच्या माणसाला ठशांसाठी रात्रीची एसटी धरून मोठं शहर गाठावं लागतं. म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत टाका. एप्रिलमध्ये जागे झालात तर भेटीची वेळच मिळणार नाही, आणि मिळाली तरी व्हिसा हातात येईपर्यंत घराचा जीव टांगणीला.

विमानतळाचीही तयारी हवी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर प्रवाशाचा चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्या रांगेत उभं राहायचं असतं. आजीसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. आपल्याकडे ती मागायची लाज वाटते. ‘मी काय लंगडी आहे?’ असं आजी म्हणते आणि घरचे गप्प बसतात. गप्प बसू नका. ती खुर्ची पहिल्याच दिवशी आजीचे गुडघे वाचवते, आणि गुडघे वाचले तर पुढचे सगळे दिवस वाचतात.

मग जिने. पॅरिसची मेट्रो जगात नावाजलेली आहे, पण तिची बहुतेक स्थानकं जुनी आणि जिन्यांची. लिफ्ट सर्वत्र असलेला मार्ग म्हणजे १४ क्रमांकाचा, तो १९९८ साली सुरू झालेला. लंडनच्या भुयारी रेल्वेतही जिना न चढता-उतरता जाता येईल अशी स्थानकं सुमारे एक तृतीयांशच आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ‘मेट्रोची मजा’ असं छापतात. बाबागाडी एका हातात आणि आजीचा दंड दुसऱ्या हातात धरून जिने चढणाऱ्या सुनेला विचारा ती मजा. उपाय सोपा आहे, बसनं फिरा. दोन्ही शहरांच्या बसना रॅम्प असतो, बसायला जागा मिळते आणि खिडकीतून शहर दिसतं. लंडनमध्ये अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेही फुकट. वेळ थोडा जास्त जातो. जाऊ दे. शहर बघायलाच तर गेलात ना?

शौचालयाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. साठीपुढच्या माणसाचा आणि पाच वर्षांच्या पोराचा दिवस याच एका प्रश्नाभोवती फिरतो. आजी दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायचं कुठे हे तिला माहीत नसतं. संध्याकाळी डोकं दुखतं, चक्कर येते आणि घरचे म्हणतात, तिला हवा मानवली नाही. पॅरिसमध्ये रस्त्यांवर शेकडो सार्वजनिक शौचालयं आहेत आणि ती फुकट आहेत. इतर शहरांत अर्धा-एक युरो पडतो, तेव्हा सुटी नाणी आजीच्याच बटव्यात द्या. रोममध्ये चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, बाटली भरून घ्या. सकाळी निघताना मुलांना विचारा गेलात का, आणि तितक्याच मोकळेपणानं आजीला विचारा.

खाण्याचं आपल्या माणसांना नव्यानं सांगायला हवं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. बहुतेक ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, तेव्हा हापूसही बॅगेत भरू नका. नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढीच फळं या अटीतून सुटतात. हापूसच्या बाबतीत तर कोकणानं हा नियम अंगावर झेलला आहे. मे २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघानं भारतीय आंबा बंद केला आणि जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवली. आपल्या बागायतदारांनी ज्या नियमापायी नुकसान सोसलं, तो नियम आपणच बॅगेतून मोडू नये. चिवडा, मेतकूट, खाकरे, तुपाऐवजी तेलातला शंकरपाळा न्या. पोरांचं भागतं, आजीचंही भागतं.

उन्हाचं मात्र गांभीर्यानं घ्या. ‘आम्ही कोकणातले, आम्हाला काय ऊन लागणार’ हा भ्रम आहे. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. तिथली घरं आणि जुनी हॉटेलं उष्णता आत धरून ठेवतात, आणि एसी सगळीकडे नसतो. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं दगावली, बहुतेक वयस्कर. खोली घेताना एसी आहे का हे लेखी विचारा.

आणि गर्दीच्या शहरात उन्हाळी प्रवास म्हटला की आपल्या खाडीकाठानं मक्केला विसरू नये. पंधराव्या-सोळाव्या शतकात समोरचं दाभोळ मोठं बंदर होतं. अरबस्तानाशी व्यापार चाले, हजयात्रेकरूंची जहाजं इथून सुटत. रशियन प्रवासी अफानासी निकितिन हिंदुस्थानातून परत निघाला तो याच बंदरातून. आज इथल्या मोहल्ल्यांतली माणसं विमानानं जातात, बऱ्याचदा आईवडिलांना घेऊन, आयुष्यभराची बचत घालून. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा पन्नाशीच्या वर गेला आणि तेराशेवर माणसं मेली. सौदी सरकारच्या सांगण्याप्रमाणे त्यांतली ८३ टक्के माणसं रीतसर परवाना न घेता आलेली होती. त्यांना वातानुकूलित तंबू नव्हते, बस नव्हत्या, ती उन्हात मैलोन्‌मैल चालत राहिली. स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या दलालानं वाचवलेले पैसे म्हाताऱ्या बापाच्या जिवावर वसूल होतात. हज असो की युरोप, अधिकृत व्यवस्था सोडून आडवाटेनं घरच्यांना नेऊ नका.

चुकामुकीसाठी दोन नियम पाठ करा. गाडी सुटली आणि फलाटावर राहिलात, तर तिथेच थांबा. गाडीत राहिलात, तर पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबा. हे मुलांकडून आणि आजीकडून घरी दोनदा वदवून घ्या. आजीच्या ब्लाउजच्या आत आणि मुलाच्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद असू द्या, कारण मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये ठेवून तो बाबांच्या कमरेला बांधण्याची रीत सोडा. तो एक पाऊच गेला की पूर्ण घर परदेशात अडकतं. ज्याचा त्याच्याकडे, आणि झेरॉक्स दुसऱ्याकडे. युरोपात कुठेही मदतीसाठी ११२.

शेवटची गोष्ट यजमानांची. व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये चिडलेल्या रहिवाशांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. आपल्या लोकांना याचा राग आला. मला नाही आला. अंजनवेलच्या गोपाळगड किल्ल्याच्या तटावर प्लास्टिकच्या बाटल्या टाकून तासाभरात पुढच्या ‘पॉइंट’ला पळणारा पाहुणा आम्हालाही नकोसाच वाटतो. जो रात्री मुक्काम करतो, गावातल्या घरी जेवतो, दीपगृहापाशी निवांत उभा राहतो, त्याचं आम्ही मनापासून स्वागत करतो. व्हेनिसलाही तसंच वाटतं. तिथे रात्री राहणाऱ्याला तो दिवसाचा कर लागत नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांनाही नाही.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग करायला बसाल, तेव्हा कार्यक्रमपत्रिका आधी आजीच्या हातात द्या. ती दिवसाला किती चालू शकते, दुपारी किती वेळ आडवी होते, किती वेळा बाथरूमला जाते, हे विचारा. तेच सगळं घरातल्या सर्वांत लहान पोराबद्दल लिहून काढा. त्यावरून दिवस ठरवा. एक शहर, निदान पाच रात्री, दिवसाला एकच ठिकाण, दुपारी दोन तास खोलीवर. सहा देश विकणाऱ्या एजंटाला नाही म्हणा. तो तुमच्यापुढे दुसरी पत्रिका ठेवेल, कारण त्याला धंदा करायचा आहे. एवढं करणार नसाल, तर आजीला नेऊ नका. आणि आजीला वगळून जायचं असेल, तर त्याला कौटुंबिक सहल म्हणू नका.