पडद्यामागचा कापूस

आमच्या घरात मागं राहायला कोणी तयार नसतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळं घराणं पहिल्या रांगेत असतं आणि दुसऱ्या रांगेत मंडपाचे खांब. अशा घरात माणूस कुठं संपतो आणि पार्श्वभूमी कुठं सुरू होते, हे ओळखायचं काम मी एका म्हाताऱ्या संगणकावर टाकलं. त्याच्या तब्येतीला झेपेल तेवढं बिचाऱ्यानं केलं.

गोष्ट 2020 सालची. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुण्या-हैदराबादेत संगणकावर पोट भरणारी आमच्याकडची पोरं आपापल्या गावी येऊन पडली. मी उमरीला आलो. उमरी म्हटलं की पुण्यातली माणसं विचारतात, ‘ती पोहरादेवीजवळची का?’ ती वेगळी. आमची नांदेड जिल्ह्यातली, मुदखेडहून निजामाबादकडं जाणाऱ्या रेल्वेवरची, धर्माबादच्या अलीकडची. हैदराबाद मुक्तिसंग्रामात जानेवारी 1948 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी जिथल्या बँकेवर छापा घातला आणि मिळालेला पैसा लढ्याच्या कामी लावला, तीच ही उमरी. ज्या गावानं निजामाला भीक घातली नाही, त्या गावचा मी, पुण्यातल्या एका मॅनेजरला दिसू नये म्हणून स्वतःच्या घराची भिंत झाकायला निघालो होतो.

आता भिंत तरी कुठं दिसत होती म्हणा. बैठकीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. आधी तो भाव येईल म्हणून थांबला होता. टाळेबंदीत खरेदी केंद्रं बंद पडल्यावर नाइलाजानं थांबला. मोबाइलची रेंज मात्र त्याच बैठकीच्या खिडकीपाशी, त्यामुळं माझं टेबल तिथंच. डावीकडं कापूस, उजवीकडं तुरीची पोती, पोत्यांवर पाहुण्यांच्या गाद्या आणि सगळ्याच्या वर हार घातलेला आज्जांचा फोटो. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे ज्यांच्या घरी कापूस असतो त्यांना सांगायला नको. कंपनीचा तिमाही आढावा चालू असताना मी मान, दंड आणि पाठ या क्रमानं खाजवत असे. खाज लपवणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

पहिल्याच मीटिंगला मॅनेजर म्हणाले, “अरे वा! मागे बर्फ आहे का?”

मी हो म्हणालो असतो, पण मे महिना होता.

तसं पाहिलं तर मागचं दृश्य बदलून घेणं आपल्याला नवं नाही. संगीत नाटकांत एक पडदा वर गेला की महालाचं जंगल व्हायचं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळण्याआधी नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फोटोवाल्यांच्या राहुट्यांत ताजमहाल, मोटारसायकल आणि विमान कायम हजर असायचं. आमचे अण्णा विमानाच्या खिडकीतून हात हलवताहेत असा त्यांचा तरुणपणचा फोटो घरात आहे. विमानाच्या खिडकीची काच खाली होत नाही, हे ना फोटोवाल्याला ठाऊक होतं ना अण्णांना. पण त्या पडद्यांचं एक बरं होतं, ते माणसाच्या मागं टांगलेले असायचे. संगणकापुढं खरी खोली असते. तिच्यातून माणूस कातरून काढायचा, दुसऱ्या चित्रावर डकवायचा आणि तो हलला की पुन्हा कातरायचा. साधा कॅमेरा 640 बाय 480 ठिपक्यांचं चित्र देतो, म्हणजे एका चित्रात तीन लाखांवर ठिपके. अशी सेकंदाला 30 चित्रं. ‘हा ठिपका माणूस की कापूस?’ हा निवाडा दर सेकंदाला 92 लाख वेळा करायचा, आणि एका चित्राला मिळतात जेमतेम 33 मिलिसेकंद. आमच्याकडं बांधाचा एक निवाडा तीन पिढ्या चालतो.

याची सगळ्यात सोपी युक्ती अशी: आधी रिकाम्या खोलीचा फोटो काढून ठेवायचा, मग आपण येऊन बसायचं, जे ठिपके बदलले तो माणूस, बाकीची खोली. ॲपलच्या मॅक संगणकांत फोटो बूथ नावाच्या प्रोग्रॅममध्ये 2007 पासून ही सोय होती. एका मित्रानं तसलाच एक छोटा प्रोग्रॅम लिहून मला पाठवला. त्यानं उघडल्या उघडल्या हुकूम सोडला, ‘चौकटीबाहेर व्हा.’

“आई, दोन मिनिटं बैठक रिकामी कर.”

“कामून? कोण येलालंय?”

“कोणी येत नाही.”

“मग रिकामी कामून करायची?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि त्या प्रोग्रॅमकडंही नसावं. अखेर आई उठली तर पुतण्या आला, पुतण्या गेला तर मांजर आलं. मांजर कापसात शिरलं म्हणून त्याला काढायला पुतण्या परत आला. एकदाचा रिकामा फोटो निघाला, मी ऐटीत येऊन बसलो आणि शेजाऱ्यांनी बोअरची मोटर चालू केली. व्होल्टेज पडलं, ट्यूब मंदावली, अख्ख्या खोलीचा रंग बदलला. संगणकाच्या हिशेबी जे बदललं तो माणूस. त्यानं कापूस, तूर, गाद्या असं सगळं मोठ्या मानानं पुढं आणून बसवलं. फक्त माझा शर्ट त्या मंद उजेडात रिकाम्या फोटोतल्या मागच्या रंगाशी जुळल्यानं मी तेवढा मधल्या मध्ये गायब झालो.

दुसरी युक्ती सिनेमावाल्यांची. मागं एका रंगाचं कापड लावायचं आणि ‘हा रंग दिसेल तिथं दुसरं चित्र’ असं संगणकाला सांगायचं. हिरवा रंग का, यालाही कारण आहे. माणसाच्या कातडीत हिरवेपणा कमी असतो. शिवाय कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेप्रमाणं कॅमेऱ्याच्या आत दर चार चौकटींतल्या दोन हिरव्या असतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला एकेकच. म्हणून कॅमेऱ्याला हिरवं सगळ्यात स्पष्ट दिसतं. दुकानं बंद होती. आईच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढून मी दोरीवर टांगलं. हिरवं अंग झटक्यात नाहीसं झालं आणि तिथं सॅन फ्रान्सिस्कोचा समुद्र आला, पूल आला. लुगड्याच्या काठाला मात्र संगणकानं हात लावला नाही. चार बोटं रुंद जरीचा काठ समुद्रावर आडवा तरंगत राहिला. बघणाऱ्यांना तो पुलाचाच भाग वाटला असावा, कोणी काही बोललं नाही.

बोलले ते वहिनी चहा घेऊन आल्यावर. वहिनींच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. संगणकाच्या हिशेबी हिरवं म्हणजे समुद्र. पडद्यावर आधी एक पंजा आला, त्या पंज्यात कपबशी. मग वीतभर पाणी. आणि पाण्यापलीकडून कोपर. बेंगळुरूची एक सहकारी किंचाळली. मॅनेजरांनी घाईघाईनं विचारलं, “सगळं ठीक आहे ना घरी?”

घरी सगळं ठीक होतं, पण हा प्रकार आईच्या कानावर गेला. लेकीसुनांच्या हातातला हिरवा चुडा पुसून टाकणारं यंत्र ती बैठकीत कशी ठेवून घेईल? “असलं अभद्र काम माझ्या लुगड्यानं करायचं न्हाई,” असं म्हणून तिनं लुगडं ओढून काढलं, घडी घातली आणि पेटीला कुलूप लावलं.

मग अण्णांनी निळी ताडपत्री दिली. निळाही चालतो, किंबहुना मूळचा मान निळ्याचाच. 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची युक्ती वापरली, त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, आणि त्यात चोराचं काम करणारा साबू हा आपल्या म्हैसूरकडच्या माहुताचा पोरगा. एवढा इतिहास पाठीशी असताना ताडपत्री हरायचं कारण नव्हतं. ती चमकायची, सुरकुत्यांच्या सावल्या संगणकाला कळायच्या नाहीत, समुद्रात मध्येच काळी भोकं पडायची. पण चालून गेलं. वळवाचा पाऊस आला त्या दुपारपर्यंत. मी ग्राहकाला आमच्या कामाची प्रगती सांगत होतो. अण्णा बाहेरून ओरडले, “आभाळ आलंय, ताडपत्री आण!” आणि मी काही हालचाल करायच्या आत त्यांनी स्वतःच ती मागून ओढून नेली. समुद्र गेला, कापूस आला. मागचं दृश्य इतक्या कमी वेळात बदलणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

आता राहिली तिसरी रीत, जी हल्ली सगळ्या मीटिंगच्या ॲपांत असते. माणसांचे असंख्य फोटो दाखवून संगणकाला माणूस ओळखायला शिकवलेलं असतं. मग कापड नको, रिकामी खोली नको. प्रत्येक ठिपक्याला तो शून्य ते एक यांमधला आकडा देतो. एक म्हणजे पक्का माणूस, शून्य म्हणजे पक्की खोली, अर्धा म्हणजे केसाची बट. त्या आकड्याच्या प्रमाणात जुनं आणि नवं चित्र मिसळायचं. मात्र 33 मिलिसेकंदांत उरकायचं म्हणून मोठं चित्र आधी लहान करतात. गूगलच्या मीडियापाइप नावाच्या साधनसंचातला सेल्फीसाठीचा साचा 256 बाय 256 चाच आहे. तेवढ्यात माणूस शोधायचा आणि मग ती बाह्यरेषा ताणून मूळ चित्रावर बसवायची. म्हणून तर कानाच्या कडा लाटांसारख्या हलतात, आणि माणूस मान फिरवतो तेव्हा आधीचा कान क्षणभर जागेवरच राहतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला हे जमून जातं. माझा संगणक हे काम घेतलं की पंख्याचा असा आवाज काढायचा की मॅनेजरांना वाटे मी मळणीयंत्राशेजारी बसलोय.

पण खरी अडचण हुशारीतच आहे. या संगणकाला माणूस कळतो, वस्तू कळत नाही. मी चहा प्यायला कप उचलला की कप गायब, हात तोंडापाशी आणि मी हवा पितोय. खुर्ची गायब, मी अधांतरी. अण्णा डोकावले तर त्यांचा चेहरा शाबूत आणि डोक्याचा रुमाल पॅसिफिक महासागरात. याउलट भिंतीवर टांगलेले आज्जा त्याला पक्के माणूस वाटले. त्यानं त्यांना फ्रेममधून सोडवलं आणि पुलाच्या खांबावर नेऊन बसवलं. हयातीत ते निजामाबादच्या पलीकडं गेले नव्हते.

आईनं मागून पाहिलं ते नेमकं तेव्हा. तिला पडद्यावर आज्जा दिसले, त्यांच्या शेजारी समुद्र दिसला आणि समुद्रापुढं ती स्वतः उभी दिसली. मराठवाड्याला समुद्र नाही. तिनं आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग हाक मारली, “अगं ये, बघ तर मी कुठं हाय!” वहिनी आल्या, पुतण्या आला, भिंतीपलीकडच्या मामी खिडकीतून तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. संगणकानं कोणालाच नाही म्हटलं नाही. जो येईल तो माणूस आणि जो माणूस तो पुढं. मी ‘मागं व्हा, मागं व्हा’ म्हणत राहिलो, पण मागं व्हायला कोण येतंय?

मार्च 2017 मध्ये दक्षिण कोरियाच्या बुसानमध्ये रॉबर्ट केली नावाचे प्राध्यापक घरून बीबीसीला मुलाखत देत असताना त्यांची दोन पोरं खोलीत घुसली आणि मागोमाग आई धावत आली, तर ती चित्रफीत जगभर फिरली. दोनच पोरं! आमच्या घरी तेवढ्याला कोणी आलं असंही धरत नाहीत.

मॅनेजरांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, “ते वर बसलेले कोण?” मी म्हणालो, “आमचे आज्जा.” ते म्हणाले, “मघापासून तेवढेच एक लक्ष देऊन ऐकताहेत.”

चेष्टा राहू द्या, पण मागचं पुसण्याच्या या सोयीला एक बाजू अशीही आहे जी मला नंतर कळली. मायक्रोसॉफ्टच्या मीटिंगमधली पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय 2018 मध्ये आली. तिच्यामागं श्वेता मचनवझला या ऐकू न येणाऱ्या इंजिनिअरची कल्पना होती. समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घ्यायचं तर मागची हालचाल आड येते, म्हणून ती धूसर करायची. हे ऐकून आईसुद्धा म्हणाली, “हां, मग ठीक हाय.” बाकी आमच्यासारख्यांनी कापूस लपवावा, हे काही कारण नव्हे.

आमचा कापूस पुढं खरेदी केंद्रावर गेला आणि बैठकीची भिंत दिसायला लागली. तोवर मॅनेजरांना कापसाच्या भावाची इतकी गोडी लागली होती की मीटिंगच्या सुरुवातीला ते आधी तो विचारत आणि मग काम.

तुम्हाला घरच्या संगणकावर हा उद्योग करायचाच असेल तर ओबीएस नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, आणि सप्टेंबर 2020 पासून विंडोजवर त्यातलं बदललेलं चित्र थेट मीटिंगमध्ये कॅमेरा म्हणून देता येतं. संगणक जुना असेल तर माणूस ओळखणाऱ्या हुशार सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, कापडाचीच रीत बरी. उजेड समोरून घ्या. कापडाला इस्त्री करा आणि त्याच्यापासून दोन हात पुढं बसा, म्हणजे तुमची सावली त्यावर पडणार नाही. कापडाच्या रंगाचा शर्ट घालू नका. भिंतीवरचे फोटो आधी उतरवून ठेवा. आणि घरात हिरवा चुडा भरलेली सून असेल तर कापड निळंच घ्या, फक्त ते ताडपत्रीचं नको.