भिंतीच्या भानगडीत

घराचं काम काढायचं ठरलं की माणसं सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आधी नातेवाइकांना सांगतात आणि तिथेच घात होतो. 'माझा एक माणूस आहे' असं न म्हणणारा नातेवाईक महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. हा 'माणूस' कधी आर्किटेक्ट असतो, कधी प्लायवूडचा दुकानदार, तर कधी ज्याच्या मेव्हण्याने गावाला गोठा बांधलाय असा कुणीतरी. त्याचं शिक्षण कोणी विचारत नाही. 'एकदम घरच्यासारखा आहे' एवढी पात्रता पुरते. घरचाच असल्यामुळे तो पावती देत नाही, वेळेवर येत नाही आणि त्याला काढूनही टाकता येत नाही.

आमची मागणी फार नव्हती. पुण्यातल्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची, बाथरूमची गळती थांबवायची आणि नवा ओटा घालायचा. भिंत पाडायलाच हवी का, हा प्रश्न कोणाला पडला नाही. हल्ली भिंत न पाडता काम केलं तर लोक त्याला रंगकाम म्हणतात.

"आयुका बघितलंस का विद्यापीठातलं?" काका म्हणाले. "काय ते कुंड, काय ते पुतळे! ज्याने बांधलं त्यालाच विचार." आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, तिची इमारत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. ते 2015 मध्ये गेले, असं सांगितल्यावर काका थोडे हिरमुसले. "मग त्यांच्या हाताखालचा कोणी?" आयुकातल्यासारखा फुकोचा लंबक हॉलमध्ये टांगायची आमची इच्छा नसल्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

पहिला आला तो इंटीरियर डिझायनर. त्याने टॅबवर आमचंच घर गोल गोल फिरवून दाखवलं. चित्रातल्या हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. खऱ्या खिडकीतून बी विंगमधल्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. ओट्यावर काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं होती, बाकी ओटा रिकामा.

"गहू कुठे ठेवायचे?" बायकोने विचारलं.

"मॅम, टॉल युनिटमध्ये पुलआउट आहे ना!"

"वर्षाचे गहू हो. कोठी असते आमच्याकडे."

त्या मुलाची आणि कोठीची त्या दिवशी पहिल्यांदाच गाठ पडली. त्याने आदराने तिचा फोटो काढून घेतला. सिलिंडर, लोणच्याची बरणी, देव्हारा यांतलं काहीच त्या चित्रात नव्हतं. माणसंही नव्हती, पण ते बरंच होतं. आम्ही त्या सोफ्याला शोभलो नसतो.

दुसरा ठेकेदार. "ड्रॉइंगचे पैसे कशाला घालवता साहेब? ते आपण फ्री देतो." अंदाजपत्रक त्याने आमच्याच घरात पडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडलं. फुकटच्या ड्रॉइंगचे पैसे प्लायमध्ये वसूल होतात. तोंडाने 'मरीन' म्हणायला खर्च येत नाही. मरीन प्लायच्या तावावर आयएस 710 चा शिक्का असावा लागतो आणि साध्यावर 303 चा. सुतार एकदा मायका चिकटवून गेला की खाली कोणता आकडा होता हे फक्त वाळवीला कळतं. भिंतीबद्दल मात्र त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. "ती? संध्याकाळपर्यंत साफ!"

मधे एक वास्तुतज्ज्ञही येऊन गेले. त्यांना भिंतीपेक्षा संडासाची दिशा खटकली. इमारतच थोडी फिरवता आली तर बघा, असं त्यांचं एकंदर म्हणणं पडलं.

या धामधुमीत सासऱ्यांनी बँकेतल्या जुन्या सवयीने कागद मागायला सुरुवात केली. 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. गंमत म्हणजे कायदा नावाला कुलूप लावतो, कामाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसंच सांगितलंय. इंटीरियर डिझायनर व्हायला तर पाटी रंगवून घेतली की पुरे. त्यामुळे तिसरी जी आली तिला सासऱ्यांनी दारातच नोंदणी क्रमांक विचारला. तो 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो. ते ऐकून काकांनी आतून आपली इन्कम टॅक्सची नोटीस आणली.

ही बाई वेगळीच. तिने टॅब काढला नाही, टेप काढली. भिंतीकडे बघायच्या आधी तिने छतावरचा ओला डाग बघितला आणि वर कोणाचं बाथरूम आहे ते विचारलं. मग भिंत मोजली. प्लास्टर धरून दहा इंच भरली.

"म्हणजे नऊ इंची वीट आहे. कदाचित स्लॅब हिच्यावरच टेकलेला असेल."

"मग पाडता येईल की नाही?"

"ते मी नाही सांगणार. स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. त्याची फी वेगळी. त्याच्या पत्राशिवाय मी घणाला हात लावू देणार नाही, आणि सोसायटीची परवानगीही लागेल."

मी भारावलो. 'हे माझं काम नाही' असं घराच्या बाबतीत म्हणणारं माणूस आमच्याकडे त्याआधी आलंच नव्हतं. वास्तुतज्ज्ञांनी तर प्लंबिंगही सांगितलं होतं. मी मनातल्या मनात तिला तिथेच काम देऊन टाकलं. काका "नुसत्या कागदाचे पैसे?" असं पुटपुटत होते. फी खर्चाच्या टक्केवारीत घ्यायचीही पद्धत आहे. त्यात नळ महाग घेतला की फीसुद्धा वाढते, हे बायकोच्या तेवढ्यात लक्षात आलं आणि तिने ठरावीक रक्कम मागितली. बाई हसून तयार झाल्या. रक्कम मात्र हसण्यासारखी नव्हती.

मग बाई ओट्याकडे वळल्या. उभं राहणाऱ्याच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा हवा, नाहीतर पाठ जाते. "पोळ्या कोण लाटतं?"

खोलीत शांतता पसरली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. काकांनी नोटिशीची घडी घातली.

"मावशी येतात," मी म्हणालो.

"मग माप त्यांचंच घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मावशींचं कोपर मोजलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना घराबद्दल विचारत होतं, त्यामुळे त्या लगेच कमिटीवर आल्यासारख्या बोलू लागल्या. सिंक डावीकडे हवं, मिक्सरचं बटण हाताशी हवं, कडप्पा नको, त्याच्यावर काळं झुरळ दिसत नाही. बाई सगळं लिहून घेत होत्या.

"आणि ती भिंत आहे तशी राहू दे बरं का ताई," मावशी म्हणाल्या. "पाहुणे आले की साहेब उशिरापर्यंत गप्पा मारतात. त्यांच्या समोर मला फोनवर बोलता यायचं नाही."