विकताना औषध, विचारताना अन्न

चांदणी चौक उतरून पौड रस्त्याला लागलं की माणसाची प्रकृती सुधारते, अशी पुण्यात एक समजूत आहे. भूगावच्या कोंडीत रक्तदाब चढतो हे खरं, पण पुढे भुकूम आलं की तो आपसूक उतरतो, असं आम्हाला फ्लॅट विकताना सांगण्यात आलं होतं. डोंगर, झाडी, रामनदीचा उगम, शुद्ध हवा. कोथरूडमधली जागा विकून आमच्यासारखी बरीच मंडळी इथे हवा खायला आली. हवा खाऊन झाली की ती नाश्त्याआधी मूठभर गोळ्या खाते.

भुकूममधल्या कुठल्याही सुखवस्तू घरातलं जेवणाचं टेबल बघा. पूर्वी तिथे मीठ, तूप आणि लिंबाचं लोणचं असायचं. आता भिंतीच्या कडेला बाटल्या उभ्या असतात. ओमेगा थ्री, बायोटिन, अश्वगंधा, कर्क्युमिन, मोरिंगा. शेवटी एक बिननावाची हिरवी भुकटी असते, जी कुणीतरी प्रेमाने दिली म्हणून टाकवत नाही आणि एकदा चव घेतली म्हणून खाववत नाही.

मोरिंगाची हकिकत सांगण्यासारखी आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात एक शेवगा होता. पावसाळ्यात त्याच्यावर सुरवंट व्हायचे आणि ते खाली लावलेल्या गाड्यांवर पडायचे. कमिटीने ठराव केला. ठरावात शब्द ‘छाटणी’ असा होता. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर झाली. आता त्याच गाड्यांचे मालक शेवग्याच्या पाल्याची भुकटी ऑनलाइन मागवतात आणि कोमट पाण्यातून घेतात. गावठाणातून भाजी घेऊन येणाऱ्या आजींना हे कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “पाला फुकट व्हता तवा तुमाला सुरवंट दिसलं. आता डब्यात घालून दिला तर ग्वाड लागला व्हय?” आजींच्या या मताला कोणत्याही नियतकालिकात जागा मिळालेली नाही, त्यामुळे कमिटीने त्याची दखल घेतली नाही.

या बाटल्या घरात येतात त्या बहुतेक ओळखीच्या हातून. आमच्याकडे त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हातून येतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. त्यांत असं आहे की, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या दारात जाऊ नये. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनी महाराष्ट्रातलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू पाहिलेलं नसावं. काकू अपॉइंटमेंट कशाला घेतील? त्या कैरीची डाळ घेऊन येतात. डाळ खाऊन झाली की पिशवीतून बाटली निघते, आणि तोंडात दुसऱ्याची डाळ असताना माणसाला “पुरावा काय?” असं विचारता येत नाही.

“अहो, हे औषध नाहीये काही, न्यूट्रिशन आहे,” काकू सांगतात. “पण माझ्या नणंदेची शुगर महिन्यात नॉर्मल!”

या दोन वाक्यांत अख्खा धंदा आला. पहिलं वाक्य कायद्यासाठी, दुसरं गिऱ्हाइकासाठी. विकताना ते औषध असतं, कुणी विचारलं की अन्न होतं.

बाटली हातात आलीच आहे तर ती फिरवून बघावी. पुढच्या बाजूला डोंगर, सूर्योदय, एक पान आणि धावणारं जोडपं. मागच्या बाजूला, जिथे वेष्टनाची कड येते तिथे, चाळिशीच्या चष्म्याला दाद न देणाऱ्या अक्षरांत इंग्रजीतून लिहिलेलं असतं : ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. औषधी उपयोगासाठी नाही. हे छापणं आरोग्यपूरक पदार्थांच्या २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तेही ठळक असायला हवं. म्हणजे कंपनी लेखी सांगते की हे औषध नाही, आणि तोंडी कोण काय सांगतं त्याची जबाबदारी काकूंची नणंद घेते.

त्याच्या शेजारी एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो. तो दिसला की आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी समाधानाने मान हलवतात. आयुष्यभर खातेक्रमांक तपासल्याचा तो परिणाम. पण तो अन्न-व्यवसायाचा परवाना आहे. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडेही तसाच चौदा आकडी नोंदणी क्रमांक असावा लागतो. त्यावरून वडापावाने सांधेदुखी जाते असं कुणी म्हणत नाही. (म्हटलं तर खप वाढेल, पण वडापाववाला प्रामाणिक आहे.)

खरी मौज अश्वगंधेची. तिची गोळी कंपनीला दोन दारांतून बाजारात आणता येते. एक दार अन्नाचं : एफएसएसएआयचा परवाना काढा, ‘आरोग्यपूरक’ म्हणा. दुसरं आयुर्वेदिक औषधाचं : राज्याचा उत्पादन परवाना काढा. त्यात ‘प्रोप्रायटरी’ म्हणून एक वर्ग आहे. घटक १९४० च्या औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत सापडणारे हवेत, मिश्रण तुमचं. हा परवाना गोळी बनवण्याचा असतो. काकू जे बोलतात त्याचा नसतो. २०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ नावाचं तिसरं दारही उघडलं आहे. गिऱ्हाईक मात्र एकच, आणि ते चौथ्या दाराने येतं. त्या दारावर ‘आपल्या माणसाने सांगितलं’ अशी पाटी आहे.

काही बाटल्यांवर ‘एफडीए’ ही अक्षरं असतात. ती पाहून उभं राहायचीच काय ती बाकी राहते. आपल्याकडे महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासनही एफडीए आणि अमेरिकेचंही एफडीए. त्यातलं कोणतं, हे सांगायची बाटलीला गरज वाटत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सॅन होजेचा भाचा येतो. प्रत्यक्षात अमेरिकेत १९९४ साली झालेल्या कायद्याने तिथल्या एफडीएला पूरक पदार्थ बाजारात येण्याआधी मंजूर करायचं कामच ठेवलेलं नाही. तिथल्या बाटलीवर तर असे दावे एफडीएने तपासलेले नाहीत, हा कबुलीजबाब छापावा लागतो. पण भाच्याने पाठवलेल्या बाटलीची मागची बाजू वाचणं हा बहिणीचा अपमान.

भाचा काय पाठवतो? हळदीच्या कॅप्सूल. १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं, तेव्हा आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने दाखले काढून ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करवलं. मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांत ही हळदीघाटीची लढाई कितीदा ऐकली असेल! लढाई आपण जिंकलो, आणि आता सांगलीत ढिगाने विकली जाणारी हळद मिरपूड घालून, कॅप्सूलमध्ये भरून, डॉलरच्या भावाने परत घेतो. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी अशा हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल ते काही म्हणत नाहीत, पण चिमूटभर हळदीला भाचा लागत नाही.

“नैसर्गिक आहे, अपाय नाही” हे सुभाषित कोरोनात शिगेला पोचलं. भुकूममध्ये कडुनिंबावर चढलेल्या गुळवेली फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी खालून वरपर्यंत सोलल्या. आपण तोडतो ती गुळवेलच की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे ठरवायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागतो. आमच्यात एक निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर होते, त्यांनी ते काम केलं. त्याच सुमारास, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आले. तज्ज्ञांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालय म्हणालं, ही गुळवेलीची बदनामी आहे, दुसरी कुठली वेल असेल. पुढे देशभरातल्या रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. आम्हाला एवढंच दिसलं की, डॉक्टरांनी “आणखी काही घेता का?” असं विचारलं तर सगळे “छे, काही नाही” म्हणतात. काढ्याला ‘घेणं’ समजतच नाहीत.

तरुण पिढी अशी भोळी नाही. ती भूगावच्या जिममध्ये डबा उघडून आतल्या चमच्याने प्रोटीन मोजते. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन पूरकं तपासून घेतली. त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांच्या डब्यावरचे आकडे आणि आतली भुकटी यांचं जुळेना. काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन. दंड मात्र पूर्ण मोजलेले असतात.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. कायदा १९५४ चा आहे, जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या अनुसूचीत ५४ दुखणी आहेत, ज्यांवर इलाज असल्याची जाहिरातच करायची नाही. मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, रक्तदाब आहे, उंची वाढवणं आहे. देवी आणि प्लेगही आहेत, बहुधा सोबतीला. ही यादी वाचताना आपण कायदा वाचतो आहोत की रविवारच्या अंकाचं शेवटचं पान, असा भास होतो. (संपादकांनी हे वाक्य राहू दिलं तर त्यांचे आभार.)

आयुर्वेदिक जाहिरातींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये १७० नंबरचा नियम आणला : आधी राज्याची परवानगी, मग जाहिरात. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवलं, या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै २०२४ मध्ये नियमच काढून टाकला. पुढच्याच महिन्यात, पतंजलीच्या जाहिरातींवरून चाललेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने काढण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघालं आणि स्थगितीही उठली. सोसायटीच्या पार्किंगच्या नियमांचा इतिहास ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये.

त्याच खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. न्यायालयाने विचारलं, जाहिराती जेवढ्या मोठ्या असायच्या तेवढाच हा आहे का? कात्रणं खऱ्या मापाची आणा, झेरॉक्स मोठी करून नको. मग दुसरा, मोठा माफीनामा आला. दावा केवढ्या अक्षरात आणि खुलासा केवढ्या, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पट्टी घेऊन विचारावं लागलं, तर आमच्या चष्म्यांचा काय दोष?

खात्रीची माहिती मिळतच नाही, असंही नाही. ती फुकट मिळते. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं पूरक पदार्थांसाठी वेगळं कार्यालय आहे; एकेका जीवनसत्त्वावर आणि वनस्पतीवर त्यांची टिपणं आहेत, कोणत्या औषधाबरोबर काय घेऊ नये हेसुद्धा. फसवणुकीची तक्रार ऐकायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मुंबईत जाहिरात मानक परिषद १९८५ पासून बसली आहे. आणि ग्राहक पंचायत तर १९७४ मध्ये पुण्यातच जन्मली, बिंदुमाधव जोशींनी काढली. भुकूमपासून तासाभराच्या अंतरावर, भूगावला कोंडी नसली तर.

अडचण अशी की, खात्रीची माहिती बोलायला भयंकर कंटाळवाणी असते. तिच्या दर दुसऱ्या परिच्छेदात “पुरेसा पुरावा नाही” असं येतं. तिला नणंद नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून “हा बघा, जिना चढते आता” म्हणत नाही. आणि तिच्याकडे कैरीची डाळ नसते.

तरीही सोसायटीच्या वार्षिक सभेत, ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली, मी एक ठराव मांडला : क्लबहाऊसमध्ये कुठलीही गोळी, भुकटी वा काढा विकायचा असेल तर बाटलीची मागची बाजू मोठी करून सूचना फलकावर लावावी. पाण्याच्या टँकरच्या विषयावर दोन तास भांडून मंडळी दमली होती आणि बटाटेवडे निवत होते. ठराव एकमताने मंजूर झाला.

काकूंनी स्वतः पौड रस्त्यावरून झेरॉक्स काढून आणली, चांगली वर्तमानपत्राच्या पानाएवढी. ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ लिफ्टच्या दारातून वाचता येत होतं. संध्याकाळी फलकापुढे गर्दी जमली. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले,

“औषध नाहीये, असं कंपनीच लिहून देतेय. म्हणजे साइड इफेक्टचा प्रश्नच मिटला. वहिनी, माझ्या दोन बाटल्या लिहून घ्या.”

काकूंनी झेरॉक्सच्या कोऱ्या कडेवरच ऑर्डर लिहायला घेतली. पहिल्या दोन बाटल्यांखाली अजून बरीच जागा होती.