चाकमोज्या

अभियांत्रिकीचे शिक्षण कर्जत-खालापूरच्या डोंगरकपारींपर्यंत पोहोचल्यापासून तेथे तरुणांचा एक नवा वर्ग उदयास आला असून, त्याला ‘चाकमोज्या’ असे नाव देणे सोयीचे ठरेल. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातील कोंडाणे परिसरात आढळणारा या वर्गाचा नमुना विशेष अभ्यासनीय आहे, कारण तेथे त्याच्या कामात वीज, ऊन, चिखल आणि शेजारी हे चारही घटक मुबलक प्रमाणात व्यत्यय आणतात.

चाकमोज्याची मूळ महत्त्वाकांक्षा माफक असते: आपला रोबोट सरळ चालावा. परंतु एकाच पाकिटातून निघालेल्या दोन पिवळ्या बीओ मोटरी सारख्या वेगाने फिरत नाहीत आणि रोबोट तुळशीवृंदावनाकडे वळतो. म्हणून चाकाचे फेरे मोजणारी सोय, म्हणजेच एन्कोडर, आवश्यक ठरते. त्यासाठी तो चाकाच्या आतील बाजूस काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चकती चिकटवतो आणि तिच्यासमोर, दोन-तीन मिलिमीटरांवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला टीसीआरटी5000 हा सेन्सर बसवतो. या सेन्सरमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकणारा एलईडी आणि परतलेला प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी असतात. एलईडीच्या मार्गात 220 ओहमचा रोधक घातला, फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर 10 किलोओहममधून पाच व्होल्टला जोडला आणि त्याच सांध्यातून एक तार आर्डुइनो उनो या नियंत्रक-फलकाच्या दोन क्रमांकाच्या पिनेला नेली, की पांढऱ्या पट्टीसमोर व्होल्टेज उतरते, काळीसमोर चढते आणि प्रत्येक बदल मोजला जातो. 65 मिलिमीटर व्यासाच्या चाकावर वीस पट्ट्या असल्यास एक बदल म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. तेव्हापासून चाकमोज्या घरातील सर्व अंतरे सेंटिमीटरमध्ये सांगू लागतो. एकाच सेन्सरला दिशा कळत नसल्यामुळे परतीचा प्रवासही प्रगतीतच जमा होतो. त्यावर उपाय म्हणून पाव आवर्तनाच्या अंतराने बसवायचा दुसरा सेन्सर मात्र नेहमी पुढच्या सेमिस्टरला येणार असतो.

एलईडी पेटला आहे का, हे पाहण्यासाठी तो मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखतो, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांना हा प्रकाश फिकट जांभळा दिसतो. ही विद्या टीव्हीच्या रिमोटलाही लागू पडत असल्याने त्याची खरी कीर्ती तीवरच उभी राहते, आणि गावातील बंद रिमोट त्याच्या ओटीवर जमा होतात.

त्याची सर्वांत मोठी फजिती शाईपायी होते. इंकजेट प्रिंटरवर छापलेली चकती डोळ्यांना काळीभोर दिसली, तरी तिच्यातील रंगद्रव्य अवरक्त प्रकाश फारसा शोषत नसेल तर सेन्सरच्या लेखी ती सगळीच पांढरी ठरते. चाकमोज्या रात्रभर प्रोग्राम बदलत राहतो, आणि शेवटी त्याच चकतीची झेरॉक्स काढताच, टोनरमधील कार्बनच्या कृपेने, आकडे पळू लागतात. श्रेय अर्थातच प्रोग्रामला मिळते. रात्री माजघरात शहाण्यासारखा वागणारा रोबोट दुपारी अंगणात बावचळला, की आजी उन्हाला दोष देते. नातू हसतो, वास्तविक सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात आणि सेन्सर त्यांनीच दिपतो, त्यामुळे आजीचे निदान निर्दोष असते. सायंकाळी सेन्सरभोवती काळ्या कागदाचा आडोसा गुपचूप लावला जातो.

पावसाळ्यात चाके चिखलात जागीच फिरतात, तरीही पडद्यावर अंतर वाढतच जाते, कारण एन्कोडर चाक मोजतो, वाट मोजत नाही. बोरघाटाच्या 1:37 चढासाठी कर्जतला गाड्यांना जादा इंजिने जोडणाऱ्या आणि चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडणाऱ्या रेल्वेला हा भेद चांगलाच परिचित आहे. चाकमोज्या मात्र रोज त्याच स्थानकावरून ये-जा करूनही रोबोट 340 सेंटिमीटर चालल्याचे उंबऱ्याला टेकलेल्या रोबोटकडे बोट दाखवून सांगतो.

अहवालात हीच नोंद ‘यशस्वी चाचणी’ म्हणून येते. कोंडाणे लेण्यातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखात, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे कोरलेले असून गुरूचे नाव तेथे आधी येते. चाकमोज्याच्या अहवालातही मार्गदर्शकांचे नाव प्रथम असते. त्याखाली मात्र चार बलक असतात आणि त्यांपैकी तिघांनी सोल्डरिंग गन हातात धरलेली नसते.