रकाना क्रमांक १४ बाबत खुलासा

प्रति,
मा. निर्माते साहेब,
रकाना क्रमांक १४
(कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र ज्या टेबलावर जाईल त्या टेबलाला ते आपलंच वाटेल.)

विषय : विहित मुदतीत ऑनलाइन माहिती न भरल्याबाबत.
संदर्भ : ग्रुपवरील आपला रात्री पावणेअकराचा संदेश, त्यातील ‘तात्काळ’, ‘आजच’ व ‘गंभीर बाब आहे’ हे शब्द आणि त्यापुढील तीन उद्गारचिन्हे.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आपण पाठवलेली ‘अप्रगत विद्यार्थी कारणमीमांसा’ ही लिंक मी उघडली होती. रेंज शाळेमागच्या टेकडीवर येते, म्हणून ती तिथे जाऊन उघडली. पहिले तेरा रकाने निमूट भरले. त्यात शाळेचा यू-डायस क्रमांकही होता. हा क्रमांक सरकारने आम्हाला दिला आणि तेव्हापासून सरकारच तो आम्हाला दर आठवड्याला विचारत असतं. तेही असो. अडलो चौदाव्या रकान्याशी. ‘विद्यार्थी अप्रगत असण्याचे कारण (कोणतेही एक निवडा)’. खाली चार पर्याय: अनियमित उपस्थिती, वारंवार स्थलांतर, विशेष गरजा असलेले बालक, पालकांची उदासीनता. शेजारी लाल चांदणी, म्हणजे निवडल्याशिवाय सुटका नाही. ‘इतर’ नाही. ज्या शब्दावर महाराष्ट्राचं अर्धं प्रशासन चालतं तो ‘निरंक’ लिहायलाही जागा नाही.

साहेब, माझी शाळा मेळघाटात, धारणी तालुक्यात आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, मुलं एकजात कोरकू. माझ्या यादीतल्या बहुतेक मुलांचं कारण एकच आहे आणि ते साधं आहे: मी मराठीत शिकवतो आणि त्यांच्या घरात मराठी कोणी बोलत नाही. हे कारण तुमच्या चारांत बसत नाही. म्हणून रकाना रिकामा राहिला, फॉर्म पुढे सरकेना, आणि सकाळी ‘माहिती न भरलेल्या शाळा’ या यादीत आमच्या शाळेचं नाव लाल अक्षरांत झळकलं. खाली ओळ होती, चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा. तो सादर करत आहे. थोडा लांबेल. ड्रॉपडाऊनमध्ये मावला असता तर तिथेच दिला असता.

प्रथम आपल्या माहितीस्तव. कोरकू ही मराठीची बोली नाही. वऱ्हाडी जरा वाकडी करून बोललं की कोरकू होते, असा समज इकडे बदलून येणाऱ्या निम्म्या लोकांचा असतो. ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिचे सख्खे नातलग झारखंडकडे, संथाली आणि मुंडारी. त्यातली संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जाऊन बसली. कोरकू बोलणारे २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक भरले, पण ती कुठल्याच अनुसूचीत नाही आणि तुमच्या यादीतही नाही. या भाषेत नामांचा भेद स्त्री-पुरुष असा नसतो, सजीव-निर्जीव असा असतो. वचनं तीन: एक, दोघं आणि अनेक. आता हे घेऊन सहा वर्षांचं मूल माझ्यासमोर बसतं आणि मी त्याला सांगतो, आंबा तो, चिंच ती आणि बोर ते. ते विचारत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं की चिंच बाई आहे हे ठरवलं कोणी? माझ्याकडे उत्तर नाही. पाणिनीला विचारलं तरी मिळणार नाही. मग मूल म्हणतं, ‘बाई आला’, आणि तपासणीला आलेले साहेब वहीत लिहितात, ‘लिंग-वचनाची जाण नाही’. ज्याच्या डोक्यात तीन वचनं पक्की आहेत त्याच्याबद्दल दोन वचनांवर भागवणारे आपण हा शेरा मारतो!

वाचन शिकवायची आमची पद्धत तर बघा. न नळाचा, प पाण्याचा, घ घराचा. चित्र दाखवायचं, मुलाने वस्तूचं नाव घ्यायचं, नावाचा पहिला आवाज पकडायचा आणि त्याला अक्षर चिकटवायचं. पद्धत चांगली आहे, फक्त चित्राचं नाव मुलाच्या तोंडात आधीपासून असावं लागतं. मी पाण्याचं चित्र दाखवतो. मूल झटकन म्हणतं, ‘डा’. बरोबर आहे, कोरकूत पाण्याला डा म्हणतात. पण कार्डावर मोठा प छापलेला आहे. ‘डा’तून ‘प’ कुठून काढू? म्हणजे आधी त्याला ‘पाणी’ शिकवायचं, मग ‘पाणी’तला प, मग प चं वळण. पुण्याच्या मुलाला जिथे एक पायरी तिथे इथे तीन, आणि दोघांची चाचणी एकाच दिवशी. तरीही यंत्रणेच्या लेखी दोघं एकाच रेषेवरून धावायला निघालेले असतात.

चाचणीचंही सांगून टाकतो. ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, हे लक्ष्य. लक्ष्याबद्दल माझी तक्रार नाही, वर्गात दुसरं काय करायचं असतं? तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, आणि समजून वाचावेत, असं त्यात लिहिलंय. मोबाइलच्या घड्याळात साठ मोजता येतात. ‘समजून’ मोजायला वेळ लागतो. त्यामुळे व्हायचं तेच होतं. माझ्या तिसरीत एक मुलगी आहे, मराठी उतारा खडाखडा वाचते, घड्याळ खूश. मामाच्या घरच्या फ्रिजबद्दलचा उतारा तिने झकास वाचला. काय वाचलंस विचारलं तर गोड हसली. ती निपुण. दुसरा एक मुलगा अडखळत, बोट ठेवून, थांबत वाचतो. अर्ध्यात येऊन त्याने पुस्तक मिटलं आणि शेजारच्याला तोवरची सगळी गोष्ट कोरकूत रंगवून सांगितली. तो तुमच्या यादीत, रकाना १४ समोर. या दोघांत खरं वाचन कोणी केलं, ते सांगायची सोय कोणत्याच लिंकमध्ये नाही.

आता २०२५ चा उन्हाळा आठवा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनला निर्णय सुधारून आला, राज्यभर रान पेटलं आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचं ओझं टाकू नका, असं तेव्हा भाषातज्ज्ञ, लेखक, पालक, नेते सगळे कळवळून सांगत होते. मला ते शंभर टक्के पटलं होतं, आजही पटतं. फक्त वाचता वाचता माझ्या वर्गाकडे नजर गेली. ही मुलं घरी कोरकू बोलतात. धारणीच्या बाजारात कानावर पडते ती हिंदी, मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. मराठी त्यांना भेटते ती माझ्या तोंडून, शाळेच्या पहिल्या दिवशी. म्हणजे पहिलीपासून तिसरी भाषा मेळघाटात कित्येक पिढ्या अनिवार्य आहे, आणि ती तिसरी भाषा आपली मराठी आहे. यासाठी मोर्चा निघालेला मला आठवत नाही. निघाला असता तर घोषणा कोणत्या भाषेत द्यायच्या हाही प्रश्नच होता.

आता चौथ्या पर्यायाकडे वळतो. ‘पालकांची उदासीनता’. मला ग्रुपवर हळूच सुचवण्यात आलं की हाच टाका, सगळे हाच टाकतात, तो सुरक्षित आहे.

साहेब, उदासीन कोण? दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडताना ज्या बापाने मुलीला आजीपाशी ठेवलं, कारण ‘शाळा बुडू नये’, तो? पगार बुडवून अर्धा दिवस शाळेच्या पायरीवर बसलेली ती आई, जिला मला विचारायचं होतं की पोरगी वाचते का, आणि जिचा प्रश्न मला तिसरीतल्या मुलीकडून समजून घ्यावा लागला, ती? सही करता येत नाही म्हणून अंगठ्याला शाई लावून घेताना तोंड फिरवणारा आजा? त्या आईला आम्ही वर्षभराची प्रगतीपुस्तकं मराठीत लिहून देतो, सभेची सूचना मराठीत फळ्यावर लिहितो, सभेत मराठीत बोलतो, ती गप्प बसते, आणि इतिवृत्तात येतं, ‘पालकांचा प्रतिसाद अल्प’. तिच्या भाषेत एक वाक्य ज्या यंत्रणेने आयुष्यात तिच्याशी बोललं नाही, ती यंत्रणा तिला उदासीन म्हणते. हे मी निवडणार नाही. माझी वेतनवाढ रोखा, नोटीस काढा, काय हवं ते करा. त्या बाईच्या नावासमोर हा शब्द माझ्या हाताने पडणार नाही.

कायदा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं सांगणारं कलम ३५०-अ राज्यघटनेत १९५६ मध्ये आलं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याचं २९ वं कलम शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतं. २०२० चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. सगळे ‘शक्य तितकं’ म्हणतात. ओडिशाला ते शक्य झालं, तिथे आदिवासी भाषांतली पहिलीची पुस्तकं येऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला. आपल्याकडे गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी शाळा काढली, तर तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस गेली. शक्य तितकं म्हणजे किती, ते तिथल्या लोकांना समजलं.

बरं, शिक्षकाने तरी भाषा शिकावी, असं आपण म्हणाल. शिकतो ना. पोरंच शिकवतात, हसून हसून. पण मेळघाट अवघड क्षेत्रात येतं, इथे तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क मिळतो. म्हणजे मास्तराला मुलांचे विनोद कळायला लागतात त्याच सुमारास त्याचं नाव बदलीच्या पोर्टलवर येतं. नवीन माणूस येतो आणि मुलं पुन्हा मुकी होतात. मी अजून आहे. किती दिवस, ते घरचे ठरवतील.

बाकी किरकोळ आहे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मतदारयाद्या, आधार जुळवणी, ‘अपार’ ओळखक्रमांक, निरक्षर शोधणं, झाड लावतानाचा फोटो, वाचन करतानाचा फोटो (वाचन थांबवून काढलेला). त्याच शिक्षणहक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना लावू नये म्हणतं. कायदा विनोदी लिहिणारी माणसं दिल्लीत आहेत, एवढंच म्हणतो.

इथवर लिहून झाल्यावर मी एक केलं. संदेशाखालच्या नंबरवर फोन लावला. रात्र झाली होती, तरी आपण उचललात. मी चौदाव्या रकान्यात पाचवा पर्याय टाकायला सांगितलं. आपण म्हणालात, “सर, मला एडिट करता येत नाही. फॉरमॅट वरून आलाय. मीपण वर तेच विचारलं होतं.” मग थोडं थांबून, “काहीही टाका सर. खाली कोण बघतंय?” मागे लहान मूल रडत होतं आणि कोणी तरी जेवायला बोलवत होतं. पुढे बोलता बोलता समजलं, आपण करारावर आहात, डी.एड. केलेलं, शिक्षकभरतीची वाट बघण्यात वयाची तिशी गेली, आणि सकाळी दहापर्यंत शंभर टक्के माहिती गेली नाही तर आपल्यालाही खुलासा द्यायचा आहे. आपल्यावरही कोणी तरी उद्गारचिन्हं टाकतं. म्हणजे रकान्याचे निर्माते आपण नव्हेच. मी ज्यांच्यावर तोफ डागली ते वर कुठे तरी आहेत, आणि त्यांच्याही वर कोणी तरी असेल. तुमच्यासारखा डी.एड. झालेला माणूस खरं तर या वर्गात माझ्या शेजारी हवा होता. तिसरा शिक्षक म्हणून. त्याऐवजी त्याला आमच्या मागे लावला आहे, आणि आम्हाला त्याच्या. हे ज्याने ठरवलं त्याला माझ्या यादीतल्या कुठल्याही पोरापेक्षा कमी समजतं, आणि त्याच्यासमोर लाल चांदणी नाही.

माझं नाव यादीत लालच राहू द्या. तुमच्या शंभर टक्क्यांतला एक टक्का माझ्यापायी जाईल, त्याबद्दल तुम्हाला बोलणी बसतील, याचं मात्र वाईट वाटतं. माझं हे पत्र जोडून वर पाठवा, ‘शिक्षक सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून पाठवलंत तरी चालेल.

आणि कधी तरी या. होळीच्या आठवड्यात या. कामाला गेलेली घरं तेव्हा परत येतात, सगळी मुलं वर्गात सापडतील आणि पालकही भेटतील, उदासीन आहेत का ते स्वतः बघा. दुभाषा आणायची गरज नाही. तिसरीतली मुलगी आहे, तीच, जिने त्या आईचं म्हणणं मला सांगितलं. कोरकूतून हिंदीत, हिंदीतून मोडक्यातोडक्या मराठीत, ती सगळं सांगते. तिचं नाव यंदाच्या यादीत सहाव्या ओळीत आहे. फक्त तिच्यासमोर तिला अप्रगत म्हणू नका. एवढं मराठी तिला कळतं.

आपला,
एक उपशिक्षक,
जि. प. प्राथमिक शाळा